नाव घातलेलं भांडं

कुकर माझा होता, हे आधी सांगते. पहिल्या पगारातून घेतलेला, विजेवर चालणारा. औंढ्यात मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, एकाच कचेरीत नव्यानं लागलेल्या, आणि घरमालकीण गॅस ठेवू द्यायची नाही. मग काय, सकाळ-संध्याकाळ भातच. आतल्या भांड्यात तेल, जिरं, ती चिरून द्यायची तो कांदा, वाटीभर तांदूळ, दोन वाट्या पाणी. झाकण फिरवायचं, बटण दाबायचं. शिट्ट्या मोजायची कटकट नाही, झालं की टीं टीं करून तोच सांगायचा. कधी मुगाची खिचडी, कधी वांगं-बटाट्याचा मसालेभात. ताटं घासायचा कंटाळा म्हणून पहिले चार महिने आम्ही त्या भांड्यातच दोन चमचे घालून जेवलो. तळाच्या खरवडीसाठी भांडायचो.

श्रावणात तिची आई जवळा बाजारहून नागनाथाच्या दर्शनाला आली. मी हौसेनं मसालेभात केला, वर खोबरं-कोथिंबीर. काकूंनी ताट हातात घेतलं आणि विचारलं, "कोणत्या गावची गं तू, बाई?"

"शिरड शहापूरची."

"अन् आडनाव?"

मी सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की जातीचं वेगळं सांगावं लागत नाही. काकूंनी ताट खाली ठेवलं. "आज उपास हाय माझा. ध्यानातच न्हाई राहिलं बघ."

बुधवार होता.

पुढच्या आठवड्यात मैत्रीण हिंगोलीहून या कुकरचं अगदी तसंच आतलं भांडं घेऊन आली. काठावर दुकानातून स्वतःचं नाव घालून आणलेलं. आमच्याकडं भांड्यांवर नावं घालतात ती लग्नाकार्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. या दहा बाय दहाच्या खोलीत कसलं कार्य निघालं होतं?

"आईला पटत न्हाई गं," ती म्हणाली. "मला काही न्हाई. तू वाईट नको वाटून घेऊ."

तेव्हापासून कुकर दोनदा लागायचा. आधी तिचा, मग माझा. झाकण तेच, रबर तेच, रबराला बसलेला लसणाचा वास दोघींचा. त्यानं काही विटाळलं नाही. कांदा मात्र ती आता स्वतःपुरताच चिरायची. आणि मी? मी गिळून गप्प बसले. दुसरी खोली शोधायची तर दारोदार पुन्हा आडनाव सांगावं लागणार होतं.

दिवाळीनंतर ती तापानं फणफणली. दुपारी म्हणाली, "थोडा मऊ भात टाकतीस का?" तिचं भांडं खरकटं पडलं होतं, माझं धुतलेलं होतं. तापातल्या माणसापुढं नाव कोण वाचत बसतं? मी माझ्या भांड्यात तांदूळ टाकले, दुप्पट पाणी, मीठ. वर तूप सोडून वाटीत दिलं. दोन दिवसांत तिच्या पोटात पहिलं अन्न गेलं. "लई बरं वाटलं," म्हणाली. मग आणखी वाढून घ्यायला स्वतःच उठली, आणि कुकरापाशी थांबली. भांड्याच्या काठावर नाव नव्हतं.

"माझं भांडं कुठंय?"

काय काय सुनावायचं ते मी महिनोन्महिने घोकून ठेवलं होतं. तिच्या आईचा उपास, ते चार महिने, ती खरवड. तोंडून निघालं ते भलतंच.

"चुकलं गं माझं. ध्यानातच न्हाई राहिलं."

"असू दे," ती म्हणाली. "आईला नको सांगू."

तिची बदली होऊन आता दोन वर्षं झाली. तिच्यावरचा राग कधीच उतरला. स्वतःवरचा उतरत नाही. माझ्याच कुकरात, माझ्याच तांदळाचा भात आजारी बाईला खाऊ घालून मी तिची माफी मागितली, आणि तिनं माफ केल्यावर मला हायसं वाटलं.