पोळ्याच्या दिवशी फटफटी

काकांची फटफटी लढाईतली होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ती साइडकारसकट घेतली. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. काका ती पेटीत जपून ठेवत, पण उघडत नसत. ती मी वाचली होती. वडील रेल्वेत असल्यामुळे माझं सगळं शिक्षण भुसावळच्या इंग्रजी शाळेत झालं. मॅट्रिकनंतर वडिलांची बदली झाली आणि नव्या जागी घर मिळेपर्यंत मला गावी, काकांकडे ठेवलं. त्या घरात इंग्रजीत छापलेलं दुसरं काही नव्हतं. दुपारी चुलीपाशी काकू भाकरी थापायच्या आणि मी शेजारी बसून पुस्तिका वाचायची. कोणी आलं की ती पदराखाली जायची. मुलीने यंत्राचं पुस्तक वाचणं हे त्या घरात समजावून सांगण्यासारखं नव्हतं, आणि मला समजावून सांगायची हौसही नव्हती.

गाव तापीच्या अलीकडे, नंदुरबार स्टेशनापासून बारा मैलांवर. श्रावण संपत आला तेव्हा मला पत्र आलं. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. मुलाखतीला सकाळी अकरा वाजता हजर राहायचं, नाही आलात तर जागा दुसऱ्या बाईंना दिली जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. वडील मला उतरवून घ्यायला जळगाव स्टेशनावर येऊन थांबणार होते. म्हणजे पोळ्याच्या दिवशीच दुपारची गाडी पकडायला हवी होती.

आजोबांना हे पसंत नव्हतं. लोणखेड्याकडचं एक स्थळ त्यांनी बोलवून ठेवलं होतं. ते लोक पुढच्या आठवड्यात मला बघायला येणार होते. मला त्यांनी सरळ 'जाऊ नको' म्हटलं नाही, एवढंच. आदल्या दिवशी ओट्यावर बसून ते म्हणाले, "पोयाले कोणी बैलना खांदावर जू ठेवाव नही. फटफटी चालू व्हयनी तं पोरगी जाई. नही तं देवनी मर्जी."

पोळ्याला बैलगाडी जुंपत नाहीत हे मलाही माहीत होतं. मागायचीसुद्धा सोय नव्हती. बैलांना त्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, पुरणपोळीचा नैवेद्य आणि संध्याकाळी वेशीतल्या तोरणाखालून मिरवणूक. फटफटी हा माझ्यासाठी एकच रस्ता होता.

सकाळी दहाच्या सुमाराला काकांनी ती गोठ्यातून बाहेर काढली आणि मी पाहतच राहिले. टाकीवर हिंगुळाचे लाल पंजे, हँडलला दोन्हीकडे गोंडे, दिव्याभोवती झेंडूची माळ, मागच्या चाकाच्या पत्र्यावर पिवळे ठिपके. हे सगळं काकांच्या सालदाराचं काम. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा, चाळिशी उलटलेला माणूस. बैल धुतले, रंगवले, आणि रंग उरला म्हणून यंत्राकडे वळला.

"तुले कोणी सांगेल व्हतं रे?" काका म्हणाले.

"भाऊ, ती बी तं वरीसभर राबस," तो म्हणाला. "बैलेस्ले सजाडं, नी तिले तशीच उघडी ठेवू का?"

काकांनी किक मारली. काही नाही. दहा-बारा वेळा मारली. टाकीवरच्या छोट्या घड्याळासारख्या, वीज दाखवणाऱ्या तबकडीतला काटा हलेना, भोंगा वाजेना. काकांनी किल्लीकडे पाहिलं आणि हळूच फिरवून परत फिरवली. कोणाला कळलं नसेल, पण मी पाहिलं. आदल्या दिवशी गोठ्यात गाडी लावताना किल्ली चालूच राहिली होती. पुस्तिकेत तसं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: किल्ली चालू ठेवली तर इंजिन बंद असलं तरी बॅटरी रात्रभरात रिकामी होते.

"बॅटरी बठी गई," काका एवढंच म्हणाले.

एव्हाना दारात आठ-दहा जण जमले होते. पोळ्याच्या सकाळी कोणाला काम नसतं, त्यामुळे सल्ले भरपूर.

"काय भो, तुन्हा बैल उठत नही का?"

"दोन मूठ सरकी खावाड त्याले!"

"शेपूट पिरगाय, शेपूट!"

काका त्यांच्याबरोबर हसले, पण कपाळावर घाम होता. आजोबा ओट्यावरून उठले नाहीत. माझी ट्रंक दारात बांधून तयार होती. मी तिच्यावर बसून राहिले.

गावात एकच रेडिओ होता, पाटलांच्या घरी, आणि तो मोठ्या बॅटरीवर चालायचा. काका स्वतः गेले. पाटलांनी नाही म्हटलं नाही. पण बॅटरी उचलून देताना ते आमच्या दारापर्यंत मागे चालत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संध्याकायले परत लयजो. बातम्या नही ऐक्या तं माले जेवण गोड लागत नही."

ती बॅटरी गाडीच्या जागेत मावणारी नव्हती. काकांनी ती साइडकारमध्ये पाय ठेवायच्या जागेत ठेवली, दोरीने आवळली आणि लांब तारा लावून जोडली. काकांनी किल्ली फिरवली.

काटा तसाच पडून.

"मशीनच गई," कोणीतरी म्हणालं. आजोबांनी तंबाखूची चंची उघडली. हातावर चुना मळत ते शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आते कसाले जीव काढस? पोरगी सणले घरमा ऱ्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती.

मला काय झालं असावं ते बहुतेक कळलं होतं. चांगली बॅटरी जोडूनही काटा मेलेलाच, म्हणजे वीज वाटेत कुठेतरी तुटत होती. पुस्तिकेतल्या आकृतीत बॅटरीपासून निघालेली रेघ आधी एका लहान डबीत जाते. तिच्यात काचेचा फ्यूज. ती डबी सीटच्या खाली, मागे, साइडकारच्या दांड्याआड. पण दारात दहा पुरुष उभे, ओट्यावर आजोबा. त्या घरात मी तोवर पुरुषांसमोर पाणी देण्यापुरतं बोलले होते.

काकू मागून आल्या. त्यांचे हात पुरणाने भरलेले होते. माझ्या कानाशी म्हणाल्या, "तू ते पुस्तक वाचेल शे ना? बोल ना व माय. आते नही तं कव्हय?"

मी काय वाचते ते त्यांना कळत नाही असं मला वाटायचं. त्या तीन महिने माझ्याकडे पाहत होत्या आणि कोणाला बोलल्या नव्हत्या.

"काका, फ्यूज बघा ना," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

"'बघा ना'! सायबीण बोलनी," एकजण म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. माझी मराठी शाळेतली होती, तिच्यावर ते नेहमीच हसत. काका हसले नाहीत.

"कोठे ऱ्हास तो?"

मी उठले आणि दाखवलं. काकांनी सीटखाली हात घातला. त्यांचा पंजा रुंद, मनगटापाशीच अडकला. वळवून पाहिला, खालून पाहिला, कोपर दांड्यावर आपटलं. साइडकार सोडवायची तर तासभर जाणार होता, आणि तेवढी सवड नव्हती. सूर्य डोक्यावर येत होता.

"मन्हा हात जात नही तठे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू देख."

मी उजव्या हातातल्या बांगड्या काढून काकूंकडे दिल्या. चिखलात गुडघा टेकला, आणि लुगड्याचं काय होईल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. हात आत गेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आकृती डोक्यात ठेवून बोटं चालवायची. आधी एक जाड तार, मग थंड पत्रा, मग डबीचं झाकण. ते नखाने उघडलं. आत फ्यूज होता, पण बोटातून निसटत होता. तेलकट. तो ओढून बाहेर काढला तेव्हा माझी बोटं केशरी झाली होती.

काचेची ती लहानशी नळी आणि तिच्या दोन्ही टोकांच्या टोप्या शेंदराने लिंपलेल्या होत्या.

सालदाराचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं.

"हाऊ तं ताईत शे ना," तो म्हणाला. "काचना. आतमा मंतरेल तार शे. धुताना खाले पडना. मी म्हंतं, बिचारीना ताईत काया पडी ग्या, म्हनीसन तेल-शेंदूर लाई दिधा. नी परत तठेच ठेई दिधा."

त्याने बैलांच्या गळ्यातले ताईतही सकाळी तसेच तेल-शेंदूर लावून परत बांधले होते. त्याच्या लेखी फटफटी इतकी धावते, तिला दृष्ट लागू नये म्हणून साहेबांनी आत काहीतरी घातलं असणारच. साइडकारच्या दांड्याआड त्याचा सडपातळ हात सहज जात होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

लोक इतके हसले की एकजण ओट्याला धरून खाली बसला. काका शिव्या देणार असं वाटलं, पण त्यांनाच हसू फुटलं. आजोबाही हसले. पहिल्यांदा, त्या सकाळी.

मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून टोप्या पुसल्या. डबीतल्या दोन्ही पितळी चिमट्यांनाही शेंदूर लागला होता; तो खिळ्याच्या टोकाने खरवडायला वेळ लागला, कारण बोटांनी चाचपडतच सगळं करायचं होतं. सालदार माझ्याजवळ उकिडवा बसला आणि गाडी माझ्या अंगावर कलू नये म्हणून शेवटपर्यंत दांडा धरून राहिला. फ्यूज बसला तेव्हा बारीक टिच् असा आवाज आला.

काकांनी किल्ली फिरवली आणि काटा हलला. तिसऱ्या किकला इंजिन पेटलं.

आजोबांनी चंची बंद केली. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "काय काय वाचेल शे तू, कोणले माहीत." डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच राहिला. नको म्हणाले नाहीत. एवढं मला पुरे होतं.

बारा मैल मी साइडकारमध्ये दोन्ही पायांत पाटलांची बॅटरी घट्ट धरून बसले होते. खडीचा रस्ता, त्यात खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी पावलांनी ती सरळ करायची. वाटेतल्या गावांमध्ये लोक थांबून आमच्याकडे पाहत होते, गोंडे लावलेल्या फटफटीकडे. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी मान खाली घालायला वेळ नव्हता, बॅटरी सांभाळायची होती.

स्टेशनावर काकांनी इंजिन बंद केलं नाही. परत सुरू झालं नाही तर? आणि त्यांना बैलांची मिरवणूक चुकवायची नव्हती. त्या फटफटाटात ते काहीतरी ओरडून म्हणाले, मला फक्त "पत्र" एवढंच ऐकू आलं. हमालाने ट्रंक घेतली. खिडकीवर कळलं, गाडी अर्धा तास उशिरा होती.

मी फलाटावर एकटी बसले. असं एकटं बसायची ती माझी पहिलीच वेळ. भीती वाटेल असं धरून चालले होते, म्हणून थोडा वेळ तिची वाट पाहिली. ती आली नाही. आलं ते एवढंच की खांदे आपोआप खाली आले, आणि सकाळपासून आपण ते कानापर्यंत ओढून धरले होते हे तेव्हा कळलं.

गाडी आली. बायकांच्या डब्यात एका बाईने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, कुठे निघालीस.

"जळगावला. शाळेत शिकवायला," मी म्हणाले. अजून कोणी नेमलंही नव्हतं.