शिक्षकांच्या बाथरूमसमोरची रांग

नववीत असताना आम्ही मुली शाळेत पाणी पीत नव्हतो. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. आई ती मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतायची आणि काही विचारायची नाही.

निफाड तालुक्यातली आमची शाळा तशी मोठी होती. आसपासच्या वस्त्यांवरची, मळ्यांतली सगळी मुलं तिथंच यायची. मुलींचं बाथरूम मैदानाच्या पार मागं. त्यातल्या दोन खोल्यांत मोडकी बाकं आणि खेळाचं सामान कोंबून बाहेरून कुलूप लावलेलं. तिसरी उघडी होती, पण तिला आतून कडी नव्हती आणि नळाला पाणी आलेलं मी कधी पाहिलं नाही. जायचंच झालं तर एकीनं बाहेर उभं राहून दार ओढून धरायचं. शेजारच्या भिंतीवर दहावीतली मुलं बसलेली असायची. पाळीच्या दिवसांत आम्ही सरळ शाळा बुडवायचो आणि मग हजेरी कमी भरली म्हणून ओरडाही आम्हीच खायचो. वर्गशिक्षिका मॅडमना सांगून झालं होतं. "वर कळवलंय," असं त्या दर वेळी म्हणायच्या.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्या हिवाळ्यात आजारी पडली. थंडी वाजून ताप, ओटीपोटात कळा. निफाडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लघवी तुंबवून धरल्यामुळं संसर्ग झालाय, भरपूर पाणी पी. बरी होऊन ती परत आली आणि त्याच आठवड्यात शाळेत विद्यार्थ्यांच्या आरोग्यावर एक व्याख्यान झालं. नाशिकहून पाहुणे आले होते. ते छान बोलले. तुम्ही उद्याचे नेते आहात, मनातलं बोलायला शिका, प्रश्न विचारा, आणि हो, दिवसभर भरपूर पाणी प्या.

मैत्रीण उभी राहिली. "सर, पाणी प्यायलं तर जायचं कुठं?"

सगळा हॉल हसला. पाहुणे गोंधळले. मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. "असले प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे नसतात. नंतर मॅडमना विचार. बस खाली."

ती बसली. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता ही रडणार. पण हॉलमधून बाहेर पडताना ती म्हणाली, "उद्या आपण पाणी पिऊ. सगळ्याजणी."

"आणि मग?"

"मोठ्या सरांच्या ऑफिसशेजारी हाय ना. फरशी बसवलेलं."

"ते शिक्षकांचं आहे."

"मग? शिक्षकांची लघवी काय येगळी असती?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासापासून नववीच्या मुली पाणी प्यायला लागल्या. एकमेकींकडं बघून, खुदखुदत, घोट घोट. तिसऱ्या तासाला कोणालाच हसू येईना. मधली सुट्टी झाली तशा आम्ही वर्गातून निघालो आणि शिक्षकांच्या बाथरूमसमोर रांगेत उभ्या राहिलो. दाराला कुलूप होतं. रांग स्टाफरूमच्या खिडकीखालून जिन्यापर्यंत गेली. आठवीच्या मुलींनी पाहिलं, विचारलं आणि त्याही मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तर पाणीही प्यायलेलं नव्हतं.

गणिताच्या मॅडम डबा अर्धा टाकून बाहेर आल्या. "काय चाललंय हे?"

"एक नंबरला लागली, मॅडम," मी म्हणाले. मी रांगेत पहिली होते आणि मागं सरकायला जागाच नव्हती.

"तुमचं मागं आहे ना?"

"मॅडम, तुम्ही एकदा मागं जाऊन या. मी बाहेरून दार धरते."

मॅडम खरंच मैदानाकडं चालू लागल्या. परत आल्या तेव्हा पदर नाकाशी होता. त्यांनी स्टाफरूममधून किल्ली आणली आणि माझ्या हातात दिली. त्या किल्लीवरून पुढं त्यांना बोलणी खावी लागली, हे आम्हाला नंतर कळलं.

मुख्याध्यापक आले तोवर निम्म्या मुली आत जाऊन आल्या होत्या. ते ओरडले, काठी आपटली, वर्गात जा म्हणाले. उरलेल्या मुली हलल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना आता हलताच येत नव्हतं.

शनिवारी पालकांची सभा बोलावली आणि आम्हालाही भिंतीशी उभं केलं. बहुतेकींचे वडील आले. माझे वडील ट्रकवर बाहेरगावी होते, म्हणून आई आली, द्राक्षाच्या बागेतून तशीच, डोक्याला रुमाल, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. मागच्या बाकावर बसली. मुख्याध्यापक बराच वेळ बोलले. मुलींना वळण राहिलं नाही, मोबाईलमुळं हे सगळं होतंय, गावाची लाज गेली. वडील मंडळी माना हलवत होती. माझ्या मैत्रिणीचे वडील तर हात जोडून उभेच राहिले. "चुकलं, सर. पुन्हा नाय करणार."

मग आई उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. ती आधी माझ्याकडं बघून बोलली, मग सरांकडं. "आम्ही बाया बी बागेत पाणी पीत नाय. सकाळी जातो ते दिवस मावळेपर्यंत. चार माणसांत आडोसा नाय म्हणून. मला वाटायचं, बाईमाणसाचं असंच असतंय. पोरी इचारायला लागल्या तवा कळलं, असं काय नसतं." मला वाटलं संपलं. "वळणाचं राहू द्या, सर. कडी कधी लावता तेवढं सांगा."

कोणी हसलं नाही. कुणाचे तरी वडील हळूच म्हणाले, "कुलपं तरी काढा."

पुढच्या आठवड्यात मोडकी बाकं बाहेर निघाली. कड्या लागल्या, टाकीची पाइपलाइन दुरुस्त झाली. साफसफाई मुलींनी पाळीपाळीनं करायची, असं सरांनी जाहीर केलं. मैत्रिणीनं विचारलं, "आणि मुलांचं मुलं करतील ना?" त्यावर एक बाई कामाला ठेवली गेली.

शिक्षा झाली नाही असं नाही. त्या वर्षीच्या गॅदरिंगमधून नववीच्या मुलींचा नाच काढून टाकला. आम्ही महिनाभर बसवला होता तो. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आईनं घरी येऊन माझं कौतुकबिवतुक काही केलं नाही. पण तिनं बागेतल्या बायकांसमोर विषय काढला. सगळ्या मिळून बागायतदाराकडं गेल्या आणि आडोसा करून मागितला. तो म्हणाला, "इतकी वर्षं चाललंच ना?" माल भरायला गाडी येऊन उभी होती. बायकांनी कात्र्या क्रेटमध्ये ठेवल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. दुपारच्या आत विहिरीपलीकडं हिरवी जाळी बांधून झाली, खड्डा खणला, पाण्याचा पिंप आला. आई म्हणाली, "जाळी पातळ हाय. उद्या जाड मागू."

शाळेत मग विद्यार्थी आरोग्य समिती निघाली. मुख्याध्यापकांनी फळ्यावर नावं लिहिली. सगळी पहिल्या पाच नंबरांतली मुलं. मी त्यात होते, मैत्रीण नव्हती. ती गणितात नेहमी काठावर पास व्हायची. मी उठून म्हणाले, "सर, नावं आम्ही सुचवतो." सर म्हणाले, ही काही ग्रामपंचायत नाही. आम्ही चिठ्ठ्या टाकल्याच, मधल्या सुट्टीत, एकीच्या डब्यात. मुलांनीही टाकल्या. मैत्रीण निवडून आली. सरांनी ते मानलं नाही. पण समितीच्या पहिल्या बैठकीला आम्ही तिला घेऊनच गेलो आणि ती खुर्ची ओढून बसली.

बाथरूमचा विषय झाल्यावर सर उठायला लागले, तेव्हा ती बोलली. "सर, अजून एक. चाचणीचे मार्क वाचताना नापास मुलांना उभं करतात. सगळ्यांसमोर. ते बंद करा."

"समितीचं काम आरोग्याचं आहे."

"दोन पोरं चाचणीच्या दिवशी उलट्या करतात सर. एक मीच."

"तुला मार्क पडत नाहीत म्हणून नियम बदलायचा का?"

"हो," ती म्हणाली.

त्या वर्षी तो नियम बदलला नाही. पुढच्या चाचणीनंतर इतिहासाच्या सरांनी मार्क वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या नापास मुलाचं नाव पुकारलं, तेव्हा आमच्या बाकावरून ती उभी राहिली. मी उभी राहिले. मग एकेक करत अख्खा वर्ग उभा राहिला. मार्क पडलेली, न पडलेली, सगळी. सरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि धडा उघडायला सांगितलं.