फूलमतीला ‘हो’ म्हणून आले

बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात सारा. मला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

आज उपासनेनंतर चर्चच्या आम्ही बायका नेहमीसारख्या इस्पितळात प्रार्थनेला गेलो. टीबीच्या वॉर्डाला सगळ्यांनी दारातूनच ‘आमेन’ म्हटलं. आत आमच्या महानगर मोहल्ल्यातली सब्जीवाली फूलमती होती. समोर दलिया गार झालेला, भरवायला कोणी नाही. मी आत जाऊन भरवला.

नर्स ओरडली, “अम्मा, बाहर बोर्ड नहीं पढ़ा?”

“बेटा, पढ़ना नहीं आता.”

खोटं नव्हतं. पण सगळ्यांच्या तोंडावरचे मास्क मला दिसत होतेच की!

निघताना फूलमतीने विचारलं, “कल आओगी?” मी हो म्हणून बसले.

घरी आल्यापासून साराने तिचं सहा महिन्यांचं बाळ माझ्याकडे दिलेलं नाही. “आजी, आप भी ना! इसको कुछ हो गया तो?” तिचंही बरोबर आहे. बाळ पाळण्यातून माझ्याकडे हात पसरतंय आणि मी लांबूनच खुळखुळा वाजवून दाखवतेय.

देवाला विचारून झालं. आता तुम्हाला विचारते. मी तुमची आजी असते, तर उद्या मला जाऊ दिलं असतं का?