स्थानिकांची हरकत नाही

बोलेथे चिडली की भांडी घासायची. बर्फाळ उत्तरेतल्या सिओराक गावच्या संशोधन केंद्रात तेवीस वर्षं स्वयंपाक, साफसफाई, गोठलेले नळ मोकळे करणं, सगळं तिच्याच अंगावर होतं, आणि चिडायला कारणं पुष्कळ. त्यामुळे केंद्रातली पातेली नेहमी लखलखीत असत.

त्या ऑगस्टात केंद्राचा प्रमुख प्रेबेन कोपनहेगनहून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा घेऊन आला. एकशेचाळीस पानं. जुनी इमारत वितळत्या जमिनीत कलत चालली होती, नवी हवीच होती, त्याबद्दल गावात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ती बांधायची कुठे, तर ओढ्याच्या तोंडाशी, सपाटीवर.

बोलेथेने त्याला आधी दोनदा सांगितलं होतं. वसंतात वरच्या घळीत बर्फात पाणी साचत जातं आणि एक दिवस सगळं दगडधोंड्यांसकट खाली सुटतं.

"आम्ही संगणकावर हिशेब केलाय, बोलेथे," प्रेबेन म्हणाला होता. "तीनशे वर्षांत एकदा."

"मी चौपन्न वर्षांची आहे. तीनदा बघितलंय."

त्यावर तो हसला आणि त्याने तिचा फोटो काढला. तो फोटो आराखड्यात बाराव्या पानावर आला, 'स्थानिकांचा सहभाग' या मथळ्याखाली. तिने सांगितलेलं मात्र एक अक्षरही एकशेचाळीस पानांत कुठे नव्हतं. त्या दिवशी तिने चहाच्या किटलीचं बूड घासून पातळ केलं.

आराखड्यावर गावाची सुनावणी समाजगृहात ठेवली होती. आले किती? दोन म्हाताऱ्या, दुकानाचा मॅनेजर आणि चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे कार्ल-एरिक मास्तर. बाकी गाव होड्या घेऊन फिओर्डमध्ये, डोंगरांत आत शिरलेल्या खाडीत, रेनडिअरच्या शिकारीला. प्रेबेनने भराभर पानं उलटली, कुणाला काही बोलायचंय का म्हणून विचारलं आणि घड्याळ बघितलं. बोलेथे कॉफी घेऊन आली तेव्हा त्याच्याबरोबर आलेली मदतनीस मुलगी टाइप करत होती. बोलेथेने तिच्या खांद्यावरून वाचलं: 'स्थानिकांची हरकत नाही.'

तिने थर्मास टेबलावर असा आदळला की कप उडाले.

"गाव शिकारीला गेलंय हे तुला ठाऊक नव्हतं?"

"तारीख नगरपालिकेने ठरवली."

"आणि सुचवली कुणी? तुझं पत्र टपालात मीच टाकलं होतं! तेवीस वर्षं माझ्या हातचं रेनडिअर खातोयस. ते काय आम्ही फेब्रुवारीत मारतो?"

"बोलेथे, शांत हो."

"होते की. आधी ती ओळ खोड."

त्याने खोडली नाही. तेव्हा ती सरळ भिंतीवरच्या वायरलेसकडे गेली आणि बटण दाबलं.

"सगळ्या होड्यांना सांगतेय, मी बोलेथे. केंद्रवाले ओढ्याच्या तोंडाशी इमारत बांधतायत. तुमची हरकत नाही असं लिहून झालंय. खरंय का?"

खरखर झाली. मग तिच्या चुलतभावाचा, कालेराकचा आवाज फुटला. "कोण म्हणतो हरकत नाही? माझ्या बापाचे अकरा कुत्रे साखळदंडासकट समुद्रात गेले तिथून! लिही म्हणावं!"

त्याच्यामागून दुसरा, तिसरा. एकाच्या तोंडात घास होता. एक जण कुजबुजला, "माझी हरकत आहे, पण आता गप्प बसा, समोर नर उभाय." दोन्ही म्हाताऱ्या खदखदून हसल्या. बोलेथे हसली नाही.

"वायरलेसवरची हरकत धरता येत नाही," प्रेबेन म्हणाला.

मास्तर एरवी पुटपुटायचे, तेही प्रार्थनेपुरतं. ते उठून म्हणाले, "हजर राहूनच बोलायचं असं नियमात कुठे आहे, दाखव."

नियमात तसं काही नव्हतं. मुलीने मुकाट्याने एकोणीस हरकती टाइप केल्या.

आराखडा परत गेला. तीन वर्षांनी नवी इमारत गावामागच्या खडकावर उभी राहिली. तिथे बोलेथेला काम मिळालं नाही. साफसफाई बाहेरच्या कंपनीला द्यायची, असं सुधारलेल्या आराखड्यात एकाहत्तराव्या पानावर होतं. त्यावर कुणी हरकत घेतली नव्हती, कारण तेवढं वाचायला कुणाला वेळ होता? ती आता मासळीच्या कारखान्यात हॅलिबट कापते. बोटं सुजतात.

मागच्या जूनमध्ये दुकानात प्रेबेन भेटला. चांगल्या मनानेच म्हणाला, "बघ, इतकी वर्षं झाली, ओढा काही उतरला नाही."

"मग मी काय त्याची वाट बघत बसलेय?" ती कडाडली. "उतरला नाही, बरंच झालं. पण तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस. आणि आजही विचारत नाहीयेस, सांगतोयस."

प्रेबेनने खाली बघत पावाचे पैसे दिले आणि तो गेला. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "जाऊ दे ना आता, बोलेथे. किती वर्षं धरून बसशील?"

"का जाऊ दे?" बोलेथे म्हणाली, आणि पिशवी उचलून कामावर निघाली.