साडेआठ बाय नऊचा पंखा

आमच्या घरात होडी होती आणि मला ती चालवता येत नव्हती. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलो, वाढलो, तिथल्याच हायस्कुलात गणित शिकवायला लागलो, पण होडीत पाय ठेवला की माझे दोन्ही हात आपोआप कड घट्ट धरायचे. पोहता येतं का, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे अकलेचे तारे तोडले त्यांची किंमत तुम्हाला नीट कळेल.

होडी बाबांची. बाबा प्राथमिक शाळेचे गुरुजी. आमचं घर खाडीच्या अलीकडे, त्यांची शाळा खाडीच्या पलीकडे तोंडवलीत. रस्त्याने जायचं तर भला मोठा वळसा. म्हणून त्यांनी एक लहान होडी घेतली, तिला शीड बसवलं, आणि नोकरीची सगळी वर्षं ते धोतराचा काचा मारून होडीने शाळेत गेले. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा पलीकडे चक्कर असायचीच. आत्या तिथे राहायची, पण ते निमित्त. खरं तर त्यांना नुसतं पाण्यावर राहायचं असायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कधीतरी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, डावा हात मात्र आला नाही. एका हाताने शीड आणि सुकाणू दोन्ही सांभाळता येत नाही. होडी माडाच्या झापांखाली पालथी पडली. बाबा रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसायचे आणि काळोख पडला की उठून यायचे. तक्रार कधी केली नाही. एकदाच पलीकडच्या काठाकडे बघत आईला म्हणाले, "एकदा पलतडी जावक गावला तर बरा."

हे ऐकलं आणि मी पेटलो. त्या सुमारास आमच्याकडे होड्यांच्या पाठीला मशीन लावायचं नवं वारं सुटलं होतं. मी गोव्याहून एक वापरलेलं आठ हॉर्सपॉवरचं मशीन आणलं आणि गावभर सांगितलं, "बाबांसाठी आणलंय." चार लोकांनी "बापाशीसाठी करणारो झील असावो तर असो" म्हटलं. माझी छाती इतकी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी राहिली.

मशीनला पंखा नव्हता. म्हणजे होता, पण त्याचं एक पातं आधीच्या मालकाने कुठल्यातरी खडकावर ठेवून दिलं होतं. मालवणच्या बाजारातल्या मेस्त्रीकडे त्या मशीनला बसणारे दोन पंखे होते. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला त्याच्या व्यासाचा, इंचांत. दुसरा असा, की पाणी म्हणजे लाकूड आणि पंखा म्हणजे स्क्रू असं समजलात, तर एका फेऱ्यात तो किती इंच पुढे घुसेल. एक पंखा साडेआठ बाय साडेसातचा, दुसरा साडेआठ बाय नऊचा. मेस्त्रीने एवढंच विचारलं, "माणसां किती बसतली? भार कितको?"

"मेस्त्रीनु, दोन दिवस देवा," मी म्हटलं. "मी गणित करतंय."

मेस्त्रीने पुन्हा स्पॅनर उचलला.

आमच्या शेजारी एक म्हातारा तांडेल राहायचा. उभा जन्म दर्यात गेलेला. त्याला न विचारताच तो कुंपणावरून म्हणाला, "मास्तरानु, ल्हान घेवा. मोठो घास घेवक दात घट व्हये. तुमच्या मशिनाचे दात दुधाचे." वर एक तोडगाही सांगितला: होडी खुंटाला बांधायची, मशीन पूर्ण सोडायचं आणि दोर किती ताणतो ते बघायचं. ज्या पंख्याने दोर जास्त ताणला तो आपला. मी त्याला हसून समजावलं, की बांधलेल्या होडीवरून चालत्या होडीबद्दल काही सिद्ध होत नाही. शिवाय आमच्या होडीला शीड आहे, वाऱ्याची मदत आयतीच मिळणार, तेव्हा मोठाच पंखा शास्त्रशुद्ध. त्याने तंबाखूची पिंक टाकली. "असात बाबा," म्हणाला. माझ्या व्याख्यानाचा याहून योग्य समारोप कुणी केलेला नाही.

मग मी गणित केलं. फुलस्केपची अकरा पानं. पाण्याचा अडथळा, मशीनचे फेरे, होडीचं वजन, वाऱ्याचा जोर, सगळं घेतलं. आकृत्या काढल्या, समासात टिपा लिहिल्या. अकराव्या पानाच्या तळाशी उत्तर आलं: नऊ. त्याखाली मी दोन रेघा मारल्या. खोटं कशाला बोलू, गणित करताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. मी मागे बसलोय, हात मशीनच्या दांड्यावर, शर्टाची कॉलर फडफडतेय आणि किनाऱ्यावरचे लोक बघताहेत.

मे महिन्याच्या सुट्टीत मुहूर्त ठरला. आईने होडीला कुंकू लावलं, मशीनला लावलं, पंख्याच्या तिन्ही पात्यांना लावलं. नारळ फुटला. आणि मग आईने सामान आणायला सुरुवात केली. वीस नारळ. दोन कापे फणस. अर्धं पोतं उकडे तांदूळ. कोकमाच्या आगळाच्या चार बाटल्या. एक भोपळा.

"आई, ह्या काय?" मी ओरडलो.

"नणंदेकडे काय हात हलवीत जातलास? शिरा पडली ती तुझ्या शिक्षणार."

आमच्याकडे कुणीही कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही. ही गोष्ट मला पाळण्यात असल्यापासून माहीत होती. आणि त्याच घरात बसून मी अकरा पानं रिकाम्या होडीची भरली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी होडीही रिकामी, पण फक्त कागदावर.

तांडेलाने बाबांना उचलून नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाला बसवलं. मी मागे. मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं. काठावर कुणीतरी शिट्टी मारली, मी मानेनेच स्वीकारली. पहिले पंधरा-वीस हात झकास गेले. मग होडी उथळ पाण्यातून बाहेर आली आणि मशीनचा आवाज बदलला. चढावर सामान भरलेली बैलगाडी ओढताना बैल जसा करतो तसा. मी दांडा आणखी पिळला. आवाज आणखी जड झाला, वेग होता तेवढाच. एवढा भार घेऊन नऊ इंचांचा घास त्या मशीनला गिळताच येत नव्हता.

त्यात ओहोटी लागली होती, ही बाब माझ्या अकरा पानांत नव्हती. खाडीचं पाणी दर्याकडे चाललं होतं आणि पाण्याबरोबर आम्हीही. तोंडवलीचे माड समोर असायला हवे होते, ते हळूहळू उजव्या खांद्यामागे गेले. पुढे खाडीच्या मुखाशी लाटा फुटताना पांढऱ्या दिसत होत्या. मशीन तापलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी दोरी ओढत सुटलो. दहादा, बारादा. बाबांना पोहता येत होतं, पण दोन हातांनी. मला तर कितीही हात असते तरी येत नव्हतं.

"शीड उभार," बाबा म्हणाले. आवाज वर्गातलाच.

"बाबा, माका खंय येता!"

"माका ठावक आसा तुका येणा नाय ता. मी सांगतंय तसा कर."

त्यांनी सांगितलं, मी केलं. ही दोरी सोड, ती नको, ती म्हणतंय मां, आता ओढ, आता बांध, असा नाय रे मेल्या, उलटो फिरव. दुपारचा वारा दर्याकडून आत वाहत होता. शीड वाकडंतिकडं का होईना वर गेलं, फटकन भरलं, आणि होडी ओहोटीच्या विरुद्ध खाडीत आत सरकायला लागली. थोड्याच वेळात आम्ही आमच्याच बाजूच्या वाळूवर रुतून बसलो. तांडेल आपली होडी घेऊन आला, दोर टाकला आणि ओढत नेलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काठावर आईने आधी बाबांना हात लावून बघितलं, मग मला, आणि मग म्हणाली, "तांदूळ भिजले नाय मां?"

पुढचे दोन दिवस मी बाजारात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. चष्मा लावून ओटीवर बसले होते, शेजारी तांबडी पेन्सिल.

"तुजा ता गणित दाखय."

मी पानं आणून दिली. मांडीवर पाट ठेवून, उजव्या हाताने एकेक पान उलटत त्यांनी सगळं तपासलं. मी समोर उभा. पस्तिशीचा माणूस, स्वतः मास्तर, पण हाताची घडी घालून.

"गुणाकार बरोबर आसत," ते म्हणाले. "अक्षर सुधारलंस. आता होडीत काय काय धरलंस ता वाच."

मी वाचलं. होडी, मशीन, शीड आणि डोलकाठी, रॉकेलचा डबा, मी स्वतः. "नारळ धरूचे रवले, बाबा. फणस रवले. तांदूळ..."

"नारळ रवांदेत," बाबा म्हणाले. "मी खंय आसंय?"

मी पानं उलटीपालटी केली. उगाचच, कारण मला माहीत होतं. अकरा पानांत बाबा कुठेच नव्हते. मशीन बाबांसाठी, पंखा बाबांसाठी, गावभर दवंडी बाबांच्या नावाची, आणि ज्या होडीचं गणित मी केलं तिच्यात मी एकटाच बसलो होतो, कॉलर फडफडवीत. मला इतकी शरम वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा रागावले नव्हते. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "घाल आता," म्हणाले.

किती घालायचं? झटका आल्यापासून त्यांचं वजन कुणी केलंच नव्हतं. मी अंदाजाने पासष्ट लिहिलं. "गुरुजीच्या पोरान अंदाज लिवचो नाय," ते म्हणाले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळच्या काजूच्या वखारीत घेऊन गेलो. हंगाम होता, मोठा काटा बाहेरच मांडलेला. वखारवाल्याने पोतं उतरवलं आणि बाबा काट्यावर उभे राहिले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "खांदो सोडा, गुरुजी," वखारवाला म्हणाला, "नायतर मास्तरांचा वजन येतला." बाबांनी हात काढला. त्याने वजनं टाकली, मग काढली, मग आणखी काढली.

चव्वेचाळीस.

मला वडील पासष्ट किलोचे वाटत होते, कारण मी त्यांच्याकडे शेवटचं नीट बघितलं तेव्हा ते तेवढे होते. बाबांनी काट्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसले. "बघ. माज्यासाठी पंखो बदलूक नको. आवशीचे नारळ कमी कर."

पंखा बदलला. या वेळी तांडेलाच्या पद्धतीने. होडी खुंटाला बांधली, आतमध्ये नारळ, तांदूळ, बाबा, मी, सगळा भार घेतला आणि मेस्त्रीकडचा साडेसातचा पंखा लावून मशीन सोडलं. मशीन कसं मोकळ्या गळ्याने ओरडलं! दोर असा ताणला की खुंट करकरला. मग नऊचा लावून बघितला, तर दोर जेमतेम सरळ झाला. तांडेल काठावर बसून तंबाखू मळत होता. मी त्याला हात जोडले. मेस्त्रीने नऊचा पंखा परत घेतला आणि फळीवर ठेवत म्हणाला, "रवांदे. दुसरो कोण मास्तर इलो तर देतलंय."

आईने एकही नारळ कमी केला नाही. भरती भरत आली असताना आम्ही निघालो. या वेळी बाबा मागे बसले, उजवा हात मशीनच्या दांड्यावर, आणि मी त्यांच्या शेजारी. आमचा वेग काय सांगावा? एक वल्ह्यांची होडी आम्हाला मागे टाकून गेली. पण मशीन दमलं नाही आणि तोंडवलीचे माड समोरच राहिले.

अर्धी खाडी ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "बंद कर ता."

"बाबा, बरा चाललाहा मां!"

"बंद कर. माका आवाज नको. शीड उभार."

मी मशीन बंद करून वर उचलून ठेवलं. शीड उभारलं, या वेळी त्यांना दोनच शिव्या द्याव्या लागल्या. वारा भरला. त्यांनी उजव्या हाताने सुकाणू धरलं आणि मला म्हणाले, "दोरी माज्या डाव्या हातात दी."

"बाबा, तो हात..."

"दी म्हणतंय मां."

मी त्यांच्या हातात दोरी ठेवली. बोटं मिटली नाहीत. मी एकेक करून ती मिटवली आणि वरून माझी मूठ आवळली. शिडाने ओढ घेतली, ती त्यांच्या मुठीतून माझ्या मुठीत आली. बाबांनी तोंड वाऱ्याकडे केलं. मला रडू कोसळलं, आणि ते लपवायला हात मोकळा नव्हता.

"सोड आता," थोड्या वेळाने ते म्हणाले. "माका जमता."

जमत नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं. पलतडी लागेपर्यंत मी हात काढला नाही, आणि त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.