गाडीचं निमित्त

चीलीकाकांच्या शेजारी गाडीत बसणं म्हणजे एका तिकिटात दोन देश. बाहेर आमचं मेलबर्नजवळचं पॉइंट कुक: समुद्राकडून येणारा वारा, एकासारखी एक घरं, फ्रीवेला लागायची रांग. आणि आत एक बाई ठामपणे झेक भाषेत सांगतेय, दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा. डावीकडे बदकांचं तळं होतं. काका तळ्यात वळायचे नाहीत, पण बाईंचा मान ठेवून मान डोलवायचे, तिचं वाक्य ओठांतल्या ओठांत परत म्हणायचे आणि मग इंडिकेटर देऊन भलतीकडेच जायचे.

गाडी त्यांनी झेक देशातल्या ब्रनो शहरातून कोरी विकत घेऊन स्वतः आणलेली. तिच्यात नकाशा फक्त युरोपचा होता. ऑस्ट्रेलिया तिला ठाऊकच नव्हता. पडद्यावर नुसता करडा रंग आणि मधोमध एक बाण, वाळवंटात चुकलेल्या उंटासारखा. मात्र त्या यंत्रात एक सोय होती. गाडी कुठेही असो, नकाशावरचा एखादा रस्ता ते खोटाखोटा चालवून दाखवायचं, रस्त्यांच्या नावांसकट आणि बाईंच्या आवाजासकट. काका रोज दुपारी जेवण झालं की एकटेच निघायचे. चाकं पॉइंट कुकात फिरायची आणि बाई ब्रनोत.

कुठेही पोचलं की हँडब्रेक ओढून ते जाहीर करायचे, “स्ते फ्त्सीली.” म्हणजे, आपण पोचलो. मी एकदा तसं म्हणून पाहिलं तर मला थांबवून म्हणाले, “हा च चिमणीतला नाही रे, चाकातला. आता चाकातल्या च-ला ई लावून दाखव.” लावून बघा. मराठी जीभ तिथे अडखळते आणि सरळ चिमणीवर जाऊन बसते. “मी तीन महिने घासलीय,” ते अभिमानाने सांगायचे. आमच्या पोरांना त्यातलं फक्त ‘चीली’ ऐकू आलं, म्हणून ते चीलीकाका. पुढे इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांची समजूत झाली, की हे गृहस्थ दक्षिण अमेरिकेत राहून आलेत. ती पसरवण्यात माझा हात नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही.

गाडी आली तेव्हा गल्लीत चर्चा झाली. हेच मॉडेल इथल्या शोरूममध्ये मिळतं, तेही स्वस्तात. मी तसं म्हणालोसुद्धा. काका फडक्याने काच पुसत म्हणाले, “ही नाही मिळत.” झालं. रिटायर्ड इंजिनिअर, काकू जाऊन सहा वर्षं झालेली, माणसाला हौस असते, असं ठरवून आम्ही सगळे आपापल्या बार्बेक्यूंना लागलो.

कोरी गाडी परदेशातून अशी सरळ उचलून आणता येत नाही. ती तिकडे विकत घ्यायची, तिकडे वर्षभर आपल्या नावावर ठेवून वापरायची, मग परवानगी मागायची. काकांची मुलगी मृणाल लग्न करून ब्रनोत राहते. काका तिच्याकडे महिनाभरासाठी गेले, तिथे त्यांनी ही गाडी बुक केली आणि नियमाप्रमाणे वर्ष काढायला राहिले. इथे चालावी म्हणून स्टिअरिंग मुद्दाम उजवीकडचं मागवलं. त्यामुळे झेक देशात रस्ता उजव्या बाजूचा आणि काकाही उजवीकडे, फुटपाथला चिकटून. पार्किंगचं तिकीट देणारा खांब नेमका पलीकडे. मग मागे डाव्या खिडकीशी बसलेली पाच वर्षांची नात, अनेष्का, हात लांब करून तिकीट काढायची. काका तिला अनू म्हणायचे. “माझी कंडक्टर,” ते सांगायचे, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी विनोद गिळून टाकायचो. मी विनोद गिळणं ही गोष्ट माझ्या बायकोलाही नवीन आहे.

गाडी मेलबर्नच्या बंदरात उतरली तेव्हा तपासणीत मागच्या सीटखाली चेस्टनटच्या बिया सापडल्या, सात-आठ. अनूने बागेतून वेचून आजोबांसाठी लपवलेल्या. इथे बाहेरचं बी-माती येऊ देत नाहीत, हे आपल्याला लोणच्याच्या अनुभवावरून पाठ आहे. काकांनी एक तरी बी ठेवू द्या म्हणून विनंती केली. तपासणाऱ्याने फार सभ्यपणे सॉरी मेट म्हटलं आणि पिशवीला सील लावलं. हे सांगताना काका त्या माणसाला एका शब्दाने दोष द्यायचे नाहीत. फक्त बिया कशा होत्या ते सांगायचे: गुळगुळीत, पॉलिश केल्यासारख्या.

खरा खेळ मला एका रविवारी कळला. मी सहज डोकावलो तर व्हिडिओ कॉल चालू. अनूला मराठी येते ती ‘ये’, ‘नको’ आणि ‘दूध’ एवढीच. इंग्रजी त्याहून कमी. आणि काका इथून चक्क झेकमध्ये सांगतायत: अमुक रस्त्याला उजवीकडे वळा, पुढे सरळ जा. पडद्यावर अनू तिच्या तीनचाकीवर घरभर फिरतेय. उजवीकडे म्हटलं की टेबलाला वळसा, सरळ म्हटलं की स्वयंपाकघर. तिच्या शाळेचा रस्ता, वाचनालयाचा, पोहण्याच्या तलावाचा. दर आठवड्याला काका बाईंकडून एक नवा रस्ता पाठ करायचे आणि रविवारी संध्याकाळी नातीला त्यावरून न्यायचे. पोचल्यावर दोघं मिळून एकदमच ओरडायची. तेवढा अर्धा तास. बाकी आठवडाभर त्या घरात मी दुसरा आवाज ऐकला नाही.

आता माझा पराक्रम. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा गाडी दोन आठवडे माझ्याकडे होती. मला उपकार करायची फार हौस. त्यातून सरप्राइज असेल तर विचारूच नका. अनूचा खेळ डोळ्यांनी पाहिलेला असूनही मला वाटलं, रस्ते तर काकांना आता पाठच झालेत, गाडीला बिचारीला पॉइंट कुक कळायला हवं. क्लेटनला गाड्यांच्या स्क्रीनची कामं करणारे एक सरदारजी आहेत. त्यांनी विचारलं, “पुराना सब उड़ जाएगा जी, चलेगा?” मी हात उडवून, राजाने सनद द्यावी तसं म्हणालो, “चलेगा.”

पट्टी निघाल्यावर काकांनी गाडी सुरू केली. मी शेजारी, टाळीच्या तयारीत. नवी बाई स्वच्छ इंग्रजीत बोलली, आमच्याच गल्लीचं नाव घेतलं. काका कोपऱ्यापर्यंत गेले, थांबले, पडद्यावर इकडेतिकडे बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “अरे वा. हिला इथलं सगळं माहीत आहे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे डबाभर चिवडा पाठवला. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो चिवडा संपल्यावर: जुन्या बाईंबरोबर अख्खं ब्रनो उडालं होतं. धावत गेलो. क्लेटनवाल्यांकडे जुनं काही उरलं नव्हतं. फोनवर काहीतरी जुळवून देतो म्हणालो तर काका म्हणाले, “राहू दे. पाठ होतं ते आहे. डोळ्यांनी त्रास दिला म्हणून नाहीतरी फिरणं कमीच करणार होतो.”

महिन्याभराने मृणालचा फोन आला. माझा नंबर तिने मंडळातून मिळवला होता. “दादा, बाबांची तब्येत बरी आहे ना? रविवारी हल्ली जुनेच दोन-तीन रस्ते सांगतात, मधेच विसरतात. मग अनू वाट बघून निघून जाते आणि बाबा रिकाम्या खोलीकडे बघत बसतात.”

मी सगळं सांगितलं. कधी नव्हे ते मीठमसाला न लावता. तिला आजवर वाटत होतं, की बाबा झेकचा क्लास करतायत. मग ती म्हणाली, “पहिला महिना संपला तेव्हा बाबा म्हणायला लागले, लेकीच्या घरी किती राहायचं. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी बुक करून आले. म्हणाले, आता नियमच आहे, वर्ष काढावंच लागणार. मी किती खूश झाले होते. वर्ष भरलं त्याच आठवड्यात त्यांनी जहाज ठरवलं. मी थांबा म्हणाले नाही. मला वाटलं, त्यांना खरंच गाडी हवी होती.”

हे काकांना सांगायला मी त्याच दुपारी गेलो. ते भांडी विसळत होते. शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी नळ बंद केला. “गाडी?” ते म्हणाले. “मला वाटलं, मी वर्ष म्हणालो म्हणून ती वर्षभरच ठेवून घेतेय.” मग नळ पुन्हा सुरू केला आणि आधीच स्वच्छ असलेलं पातेलं पुष्कळ वेळ विसळत राहिले.

मृणालने तिकडे राहायला येण्याचे कागद पाठवले. काकांनी घर भाड्याने दिलं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. विकून टाक म्हणाले, जरा चांगल्या माणसाला. एअरपोर्टवर मीच सोडायला गेलो. एक बॅग, खांद्यावर कोट. ड्रॉप-ऑफला गाडी उभी करू देत नाहीत, तरी काका दार धरून उभेच राहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

“या वेळी नियम नाही, गाडी नाही,” ते म्हणाले. “दारात उभा राहिल्यावर कशासाठी आलो म्हणून सांगू रे तिला?”

मी त्यांची बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि ट्रॉलीचं हँडल त्यांच्या हातात दिलं.