तात्यांनी पाहिलेल्या दोन मेट्रो

तात्यांनी तळहातावर नारळ आडवा ठेवला की बघणारे श्वास रोखून धरत. अनवाणी पायांनी ते रानातून चालत आणि जिथे पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राही. असे पाणाडे आमच्याकडे पुष्कळ, पण तात्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. चौसाळ्यापासून घाटनांदूरपर्यंत त्यांनी दाखवलेल्या जागी बोअर पडले. कुठे पाणी लागलं, कुठे नुसता फुफाटा उडाला. फुफाटा उडाला की लोक मशीनवाल्याला शिव्या घालत. तात्यांकडे कुणी बोट दाखवलं नाही.

आमच्या गावच्या दूध सोसायटीचे ते संचालक आणि मी सेक्रेटरी. दुष्काळाने सोसायटीची विहीर आटली, जनावरं टँकरवर आली. आता जेमतेम एक बोअर घेणं परवडणार होतं आणि त्याची जागा अर्थातच तात्या दाखवणार होते. तेवढ्यात कधीचा मंजूर होऊन पडलेला अभ्यासदौरा निघाला, दिल्ली आणि कलकत्त्याचा. अशा दिवसांत दौऱ्यावर जायला आमच्या मंडळींचं मन कसं धजावलं, देव जाणे.

डेअऱ्या पाहिल्या, पण तात्यांचा जीव अडकला तो जमिनीखालच्या रेल्वेत. दिल्लीत तपासणीच्या शिपायाने त्यांच्या पिशवीतला नारळ उलटासुलटा करून पाहिला. आत गाडीतला गारवा, आपोआप मिटणारी दारं, पुढच्या स्टेशनाचं नाव सांगणारा बाईचा आवाज. तात्या तोंडात बोट घालून बसले. कलकत्त्याची गाडी जुनी. पंखे घरघरत होते, गर्दीत घामाच्या धारा लागल्या होत्या. तिकीट मात्र दिल्लीहून स्वस्त, आणि तात्यांचे पांढरे केस बघून एक पोरगी लगेच उठली. तात्यांनी निकाल दिला की आराम दिल्लीत असला तरी पैशाच्या मानाने हीच बरी.

उतरलो तर फलाटाच्या टोकाला भिंतीतून पाणी ओघळत होतं. झाडूवाल्याने सांगितलं, इथे जमिनीत पाणीच पाणी आहे, पंप लावून बाहेर टाकावं लागतं.

"टाकतेत? कावून टाकतेत, सेक्रेटरी?" तात्यांचा चेहरा उतरला होता.

मग त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून नारळ काढून तळहातावर आडवा ठेवला आणि त्या ओल्या भिंतीपाशी गेले. नारळ उठला नाही. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले. गाड्या येत होत्या, जात होत्या, लोक थबकून बघत होते. नारळ तसूभरही हलला नाही. लहानपणापासून ज्या हाताकडे मी देवासारखं बघत आलो, तो हात त्यांनी खाली घेतला आणि नारळ पिशवीत टाकला.

दौरा आटोपून परतलो. गावात बोअरचं मशीन येऊन उभं होतं, चेअरमन हार घेऊन तयार होते. तात्यांनी हार हातानेच बाजूला सारला.

"नारळ खोटा हाय. समदीकडं पाणी व्हतं, त्यात मी हुबा व्हतो, त्यो हलला न्हाई. माज्या बोलण्यावर सोसायटीचा पैसा मातीत घालू नका. जनावरास्नी चारा घ्या."

शहर बघून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कुणीतरी पुटपुटलं. चेअरमन म्हणाले, तात्यांना नजर लागली. दुसऱ्याच दिवशी परगावाहून एक पाणाड्या आणला. त्याचा नारळ चार पावलांत उभा राहिला, मशीन लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या अंगावर पांढरा फुफाटा बसला. पाण्याचा टिपूस नाही. दुभत्या म्हशी चारा छावणीला गेल्या, बऱ्याचशा बाजारात विकल्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सोसायटीला कुलूप लागलं.

कुलूप लावून चेअरमन तात्यांकडे वळले.

"तुमी नारळ धरला असता तर पाणी लागलं असतं."

मला वाटलं, निदान एखादा तरी यावर बोलेल. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कलकत्त्याचं सगळं सांगू लागलो तर मलाच गप्प बसवलं. तात्या चपला घालून घरी गेले.

काही वर्षांनी तात्या वारले. त्यांच्या मातीला आलेली माणसंही हेच कुजबुजत होती, की खाली पाणी होतं, तात्यांनी दाखवलं नाही.